एकविसावा मंगळवार

कवळाईच्या डोंगराला चारशे बारा पायऱ्या आहेत. हा आकडा खरा, मी स्वतः मोजलेला. माझ्या पुस्तिकेत ज्या मोजक्या खऱ्या गोष्टी आहेत, त्यांतली ही एक.

‘श्री कवळाई माहात्म्य’ हे त्या पुस्तिकेचं नाव. बत्तीस पानं, पिवळं कव्हर, खाली ‘संकलन : हरिहर तावडे, एम. ए., बी. एड.’ डोंबिवलीच्या एका शाळेत मी तेहेतीस वर्षं मराठी शिकवलं आणि नावापुढच्या पदव्या छापून यायला ही एवढी एकच जागा मिळाली. काटई नाक्यावरून आत वळलं की पायथ्याचं गाव लागतं. तिथल्या प्रत्येक दुकानात ती पुस्तिका नारळांशेजारी मांडलेली असते. एके काळी मला तिचा फार अभिमान होता. अलीकडे ती दिसली की मी नजर दुसरीकडे वळवतो.

त्या मंगळवारी सकाळी सातच्या सुमारास आम्ही पायथ्याशी रिक्षातून उतरलो, मी आणि माझी बायको कलावती. फाल्गुन सुरू होता, पण ऊन आतापासूनच चावत होतं. तिचा तो एकविसावा मंगळवार होता. आदल्या दिवशी दुपारभर बसून तिनं वाल सोलून ठेवले होते. आल्यावर बिरडं करायचं, भात तीन माणसांचा टाकायचा, असं तिनं निघताना मला दोनदा सांगितलं होतं. मी दोन्ही वेळा ‘बरं’ म्हटलं.

तिसरं माणूस म्हणजे विनीत, आमचा एकुलता एक मुलगा. दीड वर्षापूर्वी, श्रावणातल्या एका गुरुवारी, तो नौपाड्यातल्या ऑफिसातून साडेसहाला निघाला आणि ठाकुर्लीला घरी आला नाही. एकतीस वर्षांचा होता. भांडण नाही, व्यसन नाही, कुठलं प्रेमप्रकरण नाही, निदान आम्हाला माहीत असलेलं नाही. सकाळी दोन पोळ्या खाऊन, डबा घेऊन गेला होता. भांडण झालं असतं तर बरं, असं मला आजही वाटतं. मनाला धरायला काहीतरी मिळालं असतं. त्याच्या मोबाइलचा शेवटचा ठावठिकाणा कळव्याच्या खाडीपुलाजवळ लागला. चौकीतल्या हवालदारानं मला बाजूला घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाला, “सर, मॅडमच्या मनाची हळूहळू तयारी करा.” मी मान डोलावली. घरी येऊन कलावतीला सांगितलं, की कळव्याला त्याचा कुणीतरी मित्र राहत असेल. अशा गोष्टी मला पटकन सुचतात.

त्यानंतर वर्षभर ती धड जेवली नाही. दाराची कडी वाजली की हातातलं टाकून धावायची, आणि गॅसवाला किंवा कुरिअरवाला दिसला की त्याच्यावरच चिडायची. केसांना कंगवा लावायची नाही. मी बोललो तर ऐकायची, पण उत्तर देण्याइतकं तिला माझं बोलणं महत्त्वाचं वाटत नसे. मग गेल्या दसऱ्याला कपाट आवरताना तिच्या हाताला ती पिवळी पुस्तिका लागली. दुपारी तिनं ती सबंध वाचून काढली. संध्याकाळी चहा पुढ्यात ठेवून म्हणाली, “ही एकवीस मंगळवारांची कथा तुम्ही त्या गंगुबाईंकडूनच ऐकली होती ना? त्यांनी सांगितली तशीच लिहिलीत?”

मी तिच्याकडे पाहिलं. वर्षभरानं तिनं मला आपण होऊन काहीतरी विचारलं होतं.

“हो,” मी म्हटलं.

“म्हणूनच विचारलं. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. तुम्ही एक शब्द इकडचा तिकडे करणारे नाही.”

कथा अशी आहे. एका आईचा मुलगा हरवला. ती कवळाईला शरण गेली. दर मंगळवारी उपाशीपोटी डोंगर चढायची, घरच्या कणकेचा दिवा लावायची, मागणं मागायची आणि उतरायची. एकविसाव्या मंगळवारी देवीनं तिला सांगितलं, डोळे मीट आणि गाभाऱ्यातून सात पावलं बाहेर ये. तिनं सातव्या पावलाला डोळे उघडले, तर समोर मुलगा उभा. लोकपरंपरेनुसार ही कथा सांगितली जाते, असं मी खाली लिहिलं होतं. त्यातले लोक म्हणजे मी, आणि परंपरा म्हणजे अठरा वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ.

विश्राम भोईर हे पायथ्याच्या गावचे पुढारी आणि देवळाच्या ट्रस्टचे अध्यक्ष. तेव्हा पायऱ्या नुकत्या बांधून झाल्या होत्या आणि त्यांना पुस्तक हवं होतं. त्यांचा पुतण्या माझ्या वर्गात होता, त्या ओळखीनं ते माझ्याकडे आले. त्यांनीच मला त्यांच्या म्हाताऱ्या आत्याकडे, गंगुबाईंकडे नेलं. गंगुबाईंनी देवीची गोष्ट सांगितली, मी ती वहीत उतरवून घेतली. ओटीवरून उतरल्यावर विश्राम माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “सर, आत्याची स्टोरी छापू नका. असल्या देवीला कोन येनार? पावनारी देवी पायजे. तुमी हुशार मान्सं, बगा कायतरी.”

आता खरं सांगतो. मला राग आला नाही. उलट मला मोकळीक मिळाल्यासारखं वाटलं. गंगुबाईंची गोष्ट मला रुचली नव्हती. अशुभ होती, आणि तिला शेवटही धड नव्हता. त्याच संध्याकाळी मी घरी बसून माझी कथा लिहिली. मंगळवार देवीचा म्हणून घेतला, एकवीस हा आकडा सगळ्यांच्या ओळखीचा म्हणून घेतला. सात पावलं आणि मिटलेले डोळे मात्र अगदी माझे. ती सात पावलं सुचली तेव्हा मी उठून खोलीत येरझाऱ्या घातल्या होत्या, इतका खूश होतो मी स्वतःवर.

आणि लोक आले. ठाण्याहून आले, उल्हासनगरहून, पार पनवेलहून आले. दुकानांत ‘एकवीस मंगळवार’ नावाची पाकिटं विकायला आली, त्यांत गव्हाचं पीठ, वात आणि तुपाची पुडी. गाभाऱ्यासमोरच्या फरशीवर ट्रस्टनं लाल रंगाची सात पावलं रंगवून घेतली. मोबाइलवर त्या पावलांचे व्हिडिओ फिरतात, मागे सनई लावलेले. ज्यांची माणसं परत येतात ते व्हिडिओ टाकतात. ज्यांची येत नाहीत त्यांचा व्हिडिओ कोण बनवणार?

पहिल्या मंगळवारी मी कलावतीला सांगणार होतो. पण त्या दिवशी ती आंघोळ करून, केस विंचरून, कपाळाला टिकली लावून दारात उभी होती. डोंगरावरून आल्यावर तिनं भाकरी खाल्ली, वर अर्धी मागून घेतली. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात सांगू. पुढच्या आठवड्यात ती मोलकरणीशी भांडली, दीड वर्षापूर्वी भांडायची तशी अगदी, आणि मला इतका आनंद झाला की मी पुन्हा गप्प बसलो. असे वीस आठवडे गेले. माझी बायको माझ्या थापेवर जगत होती आणि मी तिला जगू देत होतो. आपण उपकारच करतोय, असंही मी स्वतःला सांगितलं. पण एकविसाचा आकडा मीच घातला होता, तो येणार हेही मला माहीत होतं.

तर त्या सकाळी आम्ही चढायला लागलो. कलावतीचा उजवा गुडघा खराब आहे. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलंय, आणि ही बाई दर आठवड्याला चारशे बारा पायऱ्या चढते. एका हातात कठडा, दुसऱ्या हातात कणकेचा डबा. माझ्या हातात तो डबा ती देत नाही.

पन्नासाव्या पायरीपाशी पहिला टप्पा आहे. तिथं सांगायचं, असं मी ठरवलं होतं. “कलावती, जरा बस. मला बोलायचंय,” मी म्हटलं.

“बोलू नका हो आज. माझं मोजणं चुकतं.”

“मोजायचं कशाला? चारशे बारा आहेत, मी लिहिलंय की.”

“तुम्ही तुमच्या मोजल्यात, मी माझ्या मोजतेय,” ती म्हणाली आणि न बसताच पुढे चालायला लागली.

दुसऱ्या टप्प्यावर तिनंच विषय काढला. म्हणजे वेगळाच. “त्याला काही विचारायचं नाही हं. कुठे होतास, का गेलास, काही नाही. तुमची सवय आहे खोदून खोदून विचारायची. आल्या आल्या आधी जेवू द्यायचं.”

“बरं,” मी म्हटलं.

“आणि बारीक झाला असेल, तर तोंडावर तसं म्हणायचं नाही.”

मला तिथंच पायरीवर बसून गळा काढावासा वाटला. पण पाठीमागून माणसं चढत होती, आणि तेहेतीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस चारचौघांत रडत नाही. मी नुसताच तिच्या मागे चढत राहिलो. तिसऱ्या टप्प्यावर माझाच दम गेला होता. तिथं ट्रस्टनं लावलेल्या पाटीवर माझं वाक्य होतं : ‘सातव्या पावलाला तिने डोळे उघडले आणि तिचे जग उजळले.’ ते वाचून मला माझी इतकी किळस आली की मी पाटीकडे पाठ करून उभा राहिलो.

वर पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते. देऊळ लहान आहे, फरशी नवी, कळस सोनेरी रंगाचा. देवी म्हणजे शेंदूर लावलेला कमरेएवढा दगड, त्याला चांदीचे डोळे बसवलेले. दगडाचं तोंड दाराकडे नाही, थोडं तिरकं, पश्चिमेकडे आहे. त्या बाजूच्या भिंतीत एक जाळी आहे. तिच्यातून खाली नवे टॉवर दिसतात, आणि त्यांच्या फटीतून लांबवर खाडी. देवीचं तोंड तिरकं का, याबद्दल मी पुस्तिकेत दीड पान लिहिलंय. तेही सगळं माझ्याच मनातलं.

कलावती आत गेली. कणकेचा दिवा तिनं नीट हातानं वळला, त्याला चिमटे काढून कडा केल्या, वात ठेवली. पुजारी ओळखीचा झाला होता. तो म्हणाला, “आज पूर्ण झाले ना, आई?” ती नुसतं हसली. दीड वर्षात ती तशी हसलेली मी पाहिली नव्हती. तिनं दगडाच्या पायाशी डोकं टेकलं, आणि बराच वेळ उचललंच नाही.

मी बाहेर आलो. सातवं लाल पाऊल फरशीच्या कडेपासून हातभर अंतरावर आहे, आणि कडेला लगेच पायऱ्या सुरू होतात. मिटल्या डोळ्यांनी चालताना ती एक पाऊल जास्त टाकील आणि पडेल, अशी भीती मला वाटली. म्हणून मी त्या सातव्या पावलापाशी, कडेला पाठ करून उभा राहिलो. दुसरं काही मनात नव्हतं, शपथेवर सांगतो.

ती डोळे मिटून आली. दोन्ही हात थोडे पुढे धरलेले. ओठ हलत होते. एक, दोन, तीन. आजूबाजूच्या चारदोन बायका हात जोडून थांबल्या. पाच. सहा. सात. ती थांबली, एक मोठा श्वास घेतला आणि तिनं डोळे उघडले.

समोर मी होतो.

क्षणभर तिनं मला ओळखलंच नाही. मग ओळखलं, आणि तिचा चेहरा जो पडला तो मी जन्मात विसरणार नाही. पण ती रडली वगैरे नाही. हळू आवाजात म्हणाली, “अहो, तुम्ही जरा बाजूला व्हा.”

मी बाजूला झालो. माझ्या मागे पायऱ्या होत्या, त्यांवरून एक म्हातारा काठी टेकत येत होता. कलावती त्या म्हाताऱ्याच्याही मागे बघत राहिली.

मग तिनं घरी फोन लावला. शेजारच्या मंजुळाबाईंकडे आम्ही किल्ली ठेवली होती. “कुणी आलंय का हो?” तिनं विचारलं. पलीकडून काय उत्तर आलं ते तिच्या मान हलवण्यावरून कळलं. “नाही, काही नाही. आलं तर बसवून ठेवा, आम्ही निघतोच,” ती म्हणाली. फोन पिशवीत टाकून ती कठड्याशेजारच्या बाकावर बसली. आम्ही तासभर तिथं बसलो. दर थोड्या वेळानं ती पायऱ्यांकडे बघायची. ऊन तिच्या मांडीवर आलं, तरी ती हलली नाही.

“कलावती, चल आता,” मी शेवटी म्हटलं.

“माझंच चुकलं,” ती म्हणाली.

“काय चुकलं?”

“तिसऱ्या मंगळवारी. चक्कर येत होती म्हणून निघताना मी अर्धा कप चहा घेतला होता. उपाशीपोटी लिहिलंय तुम्ही. मला वाटलं, चहाचं काय एवढं. आणि त्या संक्रांतीच्या मंगळवारी कणीक घरची नव्हती. दळण आलं नव्हतं म्हणून मी खालून पाकीट घेतलं.” ती बोटांवर काहीतरी मोजत होती. “माझ्या अर्ध्या कप चहासाठी तो तिकडे राहिला. आता पहिल्यापासून धरायला हवेत. पुढच्या मंगळवारी पहिला.”

तिला फसवलं होतं तोवर मी सहन केलं. पण ती स्वतःला दोषी धरायला लागली, तेव्हा माझ्यात काहीतरी तुटलं. अर्ध्या कप चहासाठी ही बाई आपल्या पोराचा जीव स्वतःच्या माथी घेणार होती. तिच्या पुढच्या एकवीस मंगळवारांत पुन्हा काहीतरी चुकलं असतं, मग पुन्हा एकवीस, आणि तो गुडघा.

“चहानं काही झालेलं नाही,” मी म्हटलं. “ती कथा मी रचलेली आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे सगळी. एकवीस मंगळवार, कणकेचा दिवा, सात पावलं. गंगुबाईंनी त्यातलं काही सांगितलं नव्हतं. मी घरी बसून लिहिली. तू आत कांदे चिरत होतीस.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, मारेल. मारली असती तर मला हवीच होती एक.

“मग गंगुबाई काय म्हणाल्या होत्या?” तिनं विचारलं.

ते सगळं मला पाठ होतं. वही कधीच हरवली, पण त्या म्हातारीचा आवाज कानातून गेला नव्हता. मी सांगितलं. या गावात एक बाई होती. तिचा मुलगा म्हशी घेऊन खाडीकडच्या खारजमिनीत गेला, आणि भरती आली. म्हशी परत आल्या, मुलगा आला नाही. गावानं तीन दिवस शोधलं आणि सोडून दिलं. ती डोंगरावर चढली, कारण इथून सगळी खाडी दिसते. इथं बसली आणि बघत राहिली. लोक भाकरी घेऊन यायचे, ‘खाली चल’ म्हणायचे. ती यायची नाही. मग तिचा दगड झाला. वर्षातून एकदा गावातल्या बाया वर यायच्या, तिच्याजवळ घटकाभर बसायच्या आणि उतरायच्या. नवस नाही, नारळ नाही. मी गंगुबाईंना विचारलं होतं, देवीकडे मागतात काय? तेव्हा म्हातारी माझ्यावर डाफरली होती. “तिच्याकडं काय मागाचं, मास्तर? तिचाच पोऱ्या आयला नाय.”

कलावती मागे वळली. दारातून दगड दिसत होता, चांदीचे डोळे जाळीकडे लागलेले. खाली खाडीचं पाणी उन्हात चकाकत होतं, आणि त्या पाण्याच्या काठाला कुठंतरी कळवा होता.

“मग पुढे काय झालं?” तिनं विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदाच मला काही सुचलं नाही.

“पुढे काही नाही. एवढीच गोष्ट आहे.”

“आणि ही तुम्हाला छापावीशी वाटली नाही.”

“विश्राम म्हणाले, अशा देवीकडे कोण येणार? मलाही ते पटलं.”

“मी आले असते,” कलावती म्हणाली.

ती उठली आणि पुन्हा गाभाऱ्यात गेली. मी दारापर्यंत गेलो, पण आत पाऊल टाकायचं धैर्य झालं नाही. ती दगडाला टेकून खाली बसली होती, देवासमोर बसतात तशी नाही, शेजारी. दोघींची तोंडं एकाच बाजूला. पुजाऱ्यानं काहीतरी विचारलं, तिची नजर जाळीवरून हलली नाही. तो खांदे उडवून प्रसादाच्या पुड्या बांधू लागला. दहा मिनिटांनी ती बाहेर आली, चपला शोधल्या, आणि माझ्यासाठी न थांबता उतरायला लागली.

उतरताना ती एकदाच बोलली. “हवालदार काय म्हणाला होता तुम्हाला? त्या दिवशी, बाजूला नेऊन?”

मी तेही सांगितलं. तिनं मान हलवली. गुडघ्यावर हात ठेवून एकेक पायरी उतरत राहिली. मी हात पुढे केला तो तिनं घेतला नाही. मी तिच्या मागून चालत होतो आणि मनात एकच विचार होता, की आता घरी गेल्यावर त्या सोललेल्या वालांचं ही काय करणार? लाज वाटावी असा विचार होता. पण तोच येत होता.

शेवटच्या टप्प्यावर खालून एक मुलगी भराभरा चढत येताना दिसली. सत्ताविशीची असेल, अंगावर चुरगळलेला पंजाबी ड्रेस, हातात ते पिठाचं पाकीट. कलावतीनं मला तिच्याबद्दल पूर्वी सांगितलं होतं. अक्षदा तिचं नाव, कळव्याला राहते. तिची चार वर्षांची मुलगी ठाण्याच्या एका हॉस्पिटलात आहे, डोक्यात ताप गेल्यापासून शुद्धीवर नाही. दिवसा सासू मुलीजवळ आली की अक्षदा तिथून निघते आणि रिक्षा, बस बदलत इथं येते. मंगळवारची ओळख. दोघी कधी बाकावर बसून एकमेकींना धीर द्यायच्या, असं कलावतीच म्हणाली होती.

तिनं आम्हाला पाहिलं आणि तिचे पाय जागच्या जागी थांबले.

“काकू! आज तुमचा एकविसावा ना? सकाळपासून माझ्या डोक्यात तेच चाललेलं. बेबीला पण सांगून आलेय, आज काकूंचा दादा येणारेय.” ती धापा टाकत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आमच्या मागच्या रिकाम्या पायऱ्यांकडे पाहिलं आणि तिचा आवाज खाली आला. “काकू... आला का ओ?”

मी कलावतीकडे बघितलं. आता सांगेल, असं मला वाटलं. सांगायचा अधिकार तिचाच होता. सांगून टाकेल, की माझ्या या नवऱ्यानं बसल्या बैठकीला रचलेली थाप आहे पोरी, पाकीट टाक आणि लेकीजवळ जाऊन बस. तिनं माझी चारचौघांत अब्रू घेतली असती तर मी मान खाली घालून उभा राहिलो असतो. मला तेच हवं होतं.

कलावतीनं पदरानं तोंड पुसलं.

“आला,” ती म्हणाली. “घरी आलाय. शेजारणीचा फोन आला. म्हणून तर घाईनं निघालो.”

अक्षदानं तोंडावर हात घेतला. तिचे डोळे भरून आले. कलावतीच्या पायांवर तिनं चटकन डोकं ठेवलं, आणि एकेक पायरी सोडून वर धावत सुटली.

ती पोरगी सातव्या मंगळवारासाठी चढत होती. एक दिवस ती त्या सातव्या लाल पावलावर येऊन डोळे उघडणार होती, आणि ते माझ्याच्यानं पुन्हा बघवणार नव्हतं. मी तिला हाक मारायला तोंड उघडलं. कलावतीनं माझा दंड धरला, नखं रुतेपर्यंत धरला.

“राहू द्या तिला,” ती म्हणाली. “अजून चौदा बाकी आहेत तिचे.”